नडगीचं स्ट्रेस फ्रॅक्चर आणि धावण्याची तलफ: सक्तीच्या विश्रांतीचे आठवडे कसे काढायचे

एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर (वारंवार ताण पडून हाडाला गेलेली बारीक चीर) दिसलं आणि डॉक्टरांनी आठ आठवडे धावणं बंद सांगितलं, की बहुतेक धावपटूंचा पहिला प्रश्न असतो, "मग सायकल चालेल ना?" दुसरा, "पोहणं?" तिसरा, "वॉकिंग बूट (पायाला आधार देणारा, डॉक्टरांनी दिलेला बूट) घालून चालायला तर हरकत नाही?" प्रश्न रास्तच आहेत. पण विचारणाऱ्याला व्यायाम हवा आहे की पळवाट, हे पहिल्याच आठवड्यात ओळखता आलं तर पुढचे दोन महिने सोपे जातात. ज्यांना धावल्याशिवाय राहवत नाही, दुखत असूनही जे चोरून धावून येतात, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या फिजिओ, कोच व घरच्यांसाठी ही सजगतेची (माइंडफुलनेसची) पद्धत आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. इथलं सगळं नडगीच्या आतल्या-मागच्या कडेच्या फ्रॅक्चरला लागू आहे. हे तुलनेनं सरळपणे भरून येतं. नडगीच्या पुढच्या बाजूचं, मांडीच्या हाडाच्या मानेचं किंवा पावलातल्या नॅव्हिक्युलर हाडाचं फ्रॅक्चर असेल तर प्रकरण वेगळं आहे. ही हाडं पूर्ण तुटण्याचा धोका जास्त असतो, काही वेळा शस्त्रक्रिया लागते, आणि तिथे अस्थिरोगतज्ज्ञांच्या शब्दाबाहेर एक पाऊलही टाकायचं नाही. धावताना जांघेत खोलवर दुखत असेल तर तपासणी होईपर्यंत त्या पायावर भार देणं थांबवा.

हाड सौदा का करत नाही

हाडाची दुरुस्ती दोन टप्प्यांत होते. आधी खराब झालेला भाग पेशी पोखरून काढतात, याला साधारण तीन आठवडे लागतात. मग तिथे नवं हाड भरलं जातं, आणि त्याला तीन महिन्यांच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे मधल्या काळात हाड पूर्वीपेक्षाही पोकळ असतं. गंमत अशी की दुखणं मात्र याच काळात कमी झालेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात "आता काही दुखत नाही" म्हणून पाच किलोमीटर मारून आलेले लोक परत पहिल्या दिवसावर येतात, ते यामुळेच.

एक्स-रेचंही तसंच. स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मलच येतो. "एक्स-रेत काही नाही" हा धावायचा परवाना नव्हे.

आवड कुठे संपते आणि सक्ती कुठे सुरू होते

किती किलोमीटर धावता यावरून हे कळत नाही. आठवड्याला १०० किलोमीटर धावणारा माणूस दुखापत झाली की वैतागतो, दोन आठवडे घरच्यांवर चिडचिड करतो आणि मग पुस्तकं, पत्ते, मुलांचा अभ्यास यात रमतो. दुसरा आठवड्याला तीसच किलोमीटर धावतो, पण एक दिवस चुकला तर दिवसभर मन खात राहतं. काळजी दुसऱ्याची करायची. १९७० साली बेकलँड नावाच्या संशोधकाला व्यायाम बंद केल्यावर झोपेवर काय परिणाम होतो ते पाहायचं होतं. रोज व्यायाम करणारी माणसं पैसे देऊ केले तरी महिनाभर थांबायला तयार होईनात. शेवटी आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर त्याला काम भागवावं लागलं.

चाळणीसाठी २००४ मध्ये आलेली सहा वाक्यांची एक प्रश्नावली वापरतात. प्रत्येक वाक्याला १ ते ५ गुण, एकूण ३०, आणि २४ किंवा जास्त आले तर धोका. तिच्यावरून निदान होत नाही, पण बोलणं सुरू करायला ती बरी पडते. जखमी धावपटूच्या बाबतीत मात्र खालच्या खुणा जास्त बोलक्या असतात:

- फिजिओनं दिलेला व्यायाम तिप्पट करणं. काफ रेज (उभं राहून टाचा उचलणं) १५ चे तीन सेट सांगितले, तर सकाळ-दुपार-संध्याकाळ.
- वॉकिंग बूट घालून दिवसाला पंधरा हजार पावलं भरणं.
- व्यायामाच्या आधी दुखण्याची गोळी घेणं.
- "हो, धावा" म्हणणारा डॉक्टर सापडेपर्यंत डॉक्टर बदलत राहणं.
- दिवसातून दहा वेळा एका पायावर उडी मारून "दुखतंय का" बघणं.
- घरी "दूध आणायला जातो" सांगून धावून येणं.

शेवटची खूण दिसली तर बाकीच्या मोजत बसू नका. लपवाछपवी सुरू झाली की विषय पायापुरता उरत नाही.

आधी कागद, मग ध्यान

डोळे मिटून बसण्याआधी एक कागदी काम आहे. ते चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं. फिजिओच्या व्यायामाच्या कागदावर सहसा किमान लिहिलेलं असतं, किंवा "जमेल तेवढं" असं लिहिलेलं असतं. सर्वसाधारण रुग्णाला ते ठीक आहे, कारण तो कमीच करतो. आपल्या माणसाला जमतं मात्र भरपूर. त्यामुळे या कागदावर प्रत्येक ओळीत कमाल मर्यादा लिहून घ्यायची: एका वेळी किती, दिवसात किती वेळा, आठवड्यात किती दिवस. उदाहरणार्थ:

काफ रेज: १५ चे ३ सेट, दिवसातून एकदाच.
पावलं: रोज जास्तीत जास्त ५,००० (हा आकडा तुमच्या फिजिओनं ठरवायचा, पण आकडा हवाच).
स्थिर सायकल किंवा खोल पाण्यात धावणं: आठवड्यातून ४ दिवस, ४० मिनिटं, बोलता येईल इतक्याच दमानं.
रविवार: काहीही नाही.

रविवारच्या या कोऱ्या रकान्यावर सगळ्यात जास्त वाद होतो. तो खोडू देऊ नका. सायकल आणि पोहणं यांनी दम टिकतो हे खरं, पण रोज दोन तास सायकल मारून जो धावण्याची भरपाई करतो, त्याची सक्ती जशीच्या तशी राहते, फक्त साधन बदलतं.

घड्याळही याच दिवशी काढून ठेवा. गार्मिनचं घड्याळ आठवडाभरात "डीट्रेनिंग" (तयारी उतरतेय) दाखवायला लागतं, आणि आधीच खचलेल्या माणसाला ती पाटी वाचून काही फायदा नसतो. स्ट्राव्हा या धावण्याच्या नोंदींच्या अॅपचे नोटिफिकेशन बंद करा आणि रनिंग ग्रुप म्यूट करा. ग्रुप सोडायची गरज नाही, सोडला की चौकश्या सुरू होतात.

तलफ बघण्याचा सराव

मुख्य काम हेच. दारू आणि सिगारेट सोडणाऱ्यांसाठी १९८०च्या दशकात अॅलन मार्लाट यांनी ही पद्धत रूढ केली. तलफेशी भांडायचं नाही, तिला दाबायचं नाही आणि तिचं ऐकायचंही नाही. ती चढते कशी, उतरते कशी, हे बसून बघायचं. एकदा उठलेली तलफ बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत आपोआप ओसरते. ती अनंत काळ वाढत जाईल असं वाटतं, कारण तोवर कुणी थांबून बघितलेलंच नसतं.

वेळ रोजच्या धावण्याचीच ठेवा. पहाटे पाचला उठायची सवय असेल तर गजर नसला तरी जाग येणारच, पाय शिवशिवणारच. संध्याकाळी निवांत बसून केलेला सराव पहाटे कामाला येत नाही.

१. खुर्चीत बसा. दुखरा पाय स्टुलावर. मांडी घालू नका. वही-पेन जवळ, फोन दुसऱ्या खोलीत.

२. वेळ लिहा आणि तलफ ० ते १० मध्ये किती आहे ते लिहा. दहा म्हणजे "आत्ता बूट घालून निघालोच".

३. ती अंगात कुठे आहे ते शोधा. मांड्यांत चुळबुळ असते, छातीत घाई असते, जबडा आवळलेला असतो, काहींच्या पोटात खड्डा पडतो. एक जागा निवडा आणि लक्ष तिथे ठेवा. श्वास मुद्दाम लांबवू नका, चालतोय तसा चालू द्या. झोप येत असेल तर डोळे अर्धवट उघडे ठेवा.

४. विचार येतील. "सगळा बेस (आजवरची तयारी) गेला", "वजन वाढणार", "बाकीचे आज २४ किलोमीटर करतायत". प्रत्येकाच्या पुढे मनातल्या मनात "असा विचार आला" एवढे शब्द जोडा. "सगळा बेस गेला, असा विचार आला." खरं-खोटं करत बसू नका. पहाटे पाच वाजता स्वतःशी घातलेल्या वादात धावपटू नेहमी जिंकतो आणि पाय हरतो.

५. दर पाच मिनिटांनी आकडा पुन्हा लिहा. पंधरा ते वीस मिनिटं पुरे.

६. उठल्यावर काय करायचं हे आदल्या रात्रीच ठरलेलं हवं: चहा टाकणं, आंघोळ, भाजी निवडणं, काहीही. ही जागा मोकळी सोडली की पाय बुटांकडे वळतात.

वहीतली एक ओळ अशी दिसते:

मंगळवार. ५:१० ला ७, ५:१५ ला ८, ५:२० ला ६, ५:२५ ला ४. मांड्या, जबडा. "हाफ मॅरेथॉन तरी होईल" चार वेळा. चहा.

५:१५ चा आठ बघून घाबरायचं नाही. आधी चढते, मग उतरते. काही दिवशी चारवरच अडकून राहील, तेही चालेल. आकडा शून्यावर यायची वाट बघत बसलात तर सरावच नवी परीक्षा होऊन बसतो. धावायला गेला नाहीत, एवढ्यावर त्या दिवसाचं काम झालं.

पहिल्या आठवड्यात आकडे वाढतात आणि इथेच बरेच जण सोडून देतात. आठ दिवस थांबून नवव्या दिवशी "फक्त दोन किलोमीटर" धावून आलं तर तलफ आणखी चिवट होते, कारण पुरेसं ताणलं की मिळतं हे ती शिकते. तसं घडलंच तर वहीत तारीख, अंतर आणि दुखणं लिहा, फिजिओला सांगा आणि त्याच संध्याकाळी पुन्हा कागदावरच्या मर्यादेवर या. "आता गेलंच आहे तर" म्हणून पूर्ण आठवडा घालवण्यात जास्त नुकसान होतं.

दुखणं, ठणका आणि बेचैनी

सजगतेचा दुसरा उपयोग म्हणजे या तिघांतला फरक कळणं. हाडाचं दुखणं एका बोटानं दाखवता येतं, भार दिला की वाढतं, कधी रात्री ठणकतं. स्नायूचं किंवा टेंडनचं (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचं) दुखणं पसरट असतं, सकाळी अंग आखडलेलं असतं आणि चार पावलं चाललं की सैल होतं. बेचैनीला ठरलेली जागा नसते. आत्ता मांडीत, मग पोटात, आणि तिच्या मागे जवळजवळ नेहमी एखादं वाक्य असतं.

यासाठी दिवसातून एकदा आठ मिनिटांचा बॉडी स्कॅन पुरतो. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात तो पाऊण तासाचा असे. इथे तेवढा लांब नको. आडवे व्हा, बऱ्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करा, वर या, हात, मान, चेहरा, मग दुसऱ्या पायानं खाली. दुखऱ्या जागेवर अर्धा मिनिट, जास्त नाही. काही वाटलं नाही तर "काही वाटलं नाही" म्हणून पुढे सरका. दुखऱ्या जागेवर दहा मिनिटं लक्ष रोखून बसलं की तिथे काहीतरी वाटायला लागतंच, आणि मग अंगठ्यानं दाबून बघणं सुरू होतं. दाबून बघणं फिजिओचं काम, तेही ठरलेल्या भेटीत. एका पायावरच्या उडीचं तर नावच काढू नका. भरत असलेल्या हाडावर ती शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार टाकते.

इथे ग्रुपमधले सल्ले फार गोंधळ घालतात. "दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं की झालं" हा नियम टाचेमागच्या अकिलीससारख्या टेंडनच्या दुखण्याचा आहे. हाडाला तो लागत नाही. हाडासाठी आकडा एकच: शून्य. आणि तो गोळी न घेता शून्य हवा. व्यायामाआधी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतलं तर वहीतल्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. शिवाय ही औषधं हाड भरण्याच्या आड येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

ध्यानाचंही व्यसन लागतं

आज ४०वा सलग दिवस, उद्या ४१वा, अॅपवर हिरवी खूण, एक दिवस चुकला की अपराधी वाटणं. ही ओळखीची लक्षणं आहेत. असं झालं तर अॅप काढा, वही ठेवा आणि रविवारी सरावालाही सुट्टी द्या. दुसरी चूक याहून महागात पडते: दुखणं "स्वीकारून" त्यातून धावत राहणं. स्वीकार म्हणजे आत्ता दुखतंय हे मान्य करणं. ते मान्य केल्यावर थांबायचं असतं.

इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन यावं का, हा प्रश्न हमखास येतो. फ्रॅक्चर भरत असताना नको. तिथे दिवसाचे बरेच तास बसणं असतं, अकराच्या जेवणानंतर नव्या साधकाला संध्याकाळी चहा आणि फळं एवढंच असतं, आणि हाड भरणाऱ्या माणसाचं पोट त्यावर भागत नाही. खाण्याचा विकार किंवा तीव्र नैराश्य असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला आणि अर्जात ते लपवू नका. पुढे कधीतरी जरूर जा, घाई नाही.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर: धावणं बंद म्हणून भाकरी अर्धी करू नका. वजनाच्या भीतीनं चतुर्थी, सोमवार, गुरुवार असे उपवास एकाएकी वाढले तर त्यातली भक्ती किती आणि भरपाई किती हे स्वतःला विचारा. खेळाडूंनी गरजेपेक्षा कमी खाल्ल्यानं हाडं, पाळी, हार्मोन्स यांवर होणाऱ्या परिणामांना आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ मध्ये रेड-एस हे नाव दिलं. तीन महिने पाळी आली नसेल तर हाडाच्या डॉक्टरांना ते आपणहून सांगा, सगळे विचारतातच असं नाही. ड जीवनसत्त्व तपासून घ्या.

घरच्यांनी आणि कोचनं

"धावायला गेला होतास ना?" या प्रश्नानं माणूस फक्त नीट लपवायला शिकतो. त्याऐवजी "आज पहाटे किती होती?" एवढं विचारा. सात म्हणाला तर "बरं" म्हणा आणि चहा द्या. कोचनं "लवकर बरा हो, टीमला तुझी गरज आहे" म्हणणं टाळावं. मैदानावर पाण्याच्या टेबलाशी उभं राहायचं काम काहींना आधार देतं, काहींना ते बघवत नाही. त्याचं त्याला ठरवू द्या.

पहिलं धावणं

अटी चार आहेत. सलग पाच दिवस रोजचं चालणं न दुखता. तीस मिनिटं भरभर चालणं न दुखता. फिजिओनं दाबल्यावर दुखत नाही. डॉक्टरांची परवानगी. यातल्या तीन म्हणजे चार नव्हेत.

मग सपाट मैदानावर, गप्पा मारता येतील अशा गतीनं:

पहिली पायरी: १ मिनिट धावणं, ४ मिनिटं चालणं, असं पाच वेळा.
दुसरी: २ आणि ३.
तिसरी: ३ आणि २.
चौथी: ४ आणि १.

प्रत्येक पायरी किमान दोनदा, मध्ये एक दिवस सोडून. धावताना, त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी हाड दुखलं तर थांबा. चालणं पुन्हा पूर्ण न दुखता होईपर्यंत विश्रांती, मग एक पायरी खाली. चौथी पायरी नीट पार पडल्यावर सलग वीस मिनिटं. आधी अंतर वाढवायचं. वेग आणि चढ सगळ्यात शेवटी.

इथे दगा देतो तो चांगला दिवस. तिसऱ्याच खेपेला पाय हलका वाटतो आणि "आज जरा आणखी" होतं. म्हणून अशी जागा निवडा जिथून पंचवीस मिनिटांनी घरीच यावं लागेल. शाळेचं मैदान उत्तम, नदीकाठचा लांब रस्ता नको. जीपीएस नको, साधा टायमर पुरे. शेवटचा मिनिट संपला की जागच्या जागी उभे राहा, तीन श्वास घ्या, "आणखी करावंसं वाटतंय" हे आलं तर त्याला आकडा द्या आणि चालत घरी या. फिजिओच्या व्यायामांनंतरही हेच: शेवटचा सेट झाला की एक मिनिट बसायचं आणि मॅट गुंडाळून कपाटात.

शर्यतीचा निर्णयही भावनेवर सोडू नका, हिशेब करा. १५ नोव्हेंबरला निदान झालं तर आठ आठवडे १० जानेवारीला संपतात. चार पायऱ्या दोनदा, दिवसाआड, म्हणजे आणखी दोन आठवडे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तेव्हा तुम्ही जेमतेम दोन मिनिटं धावणं आणि तीन मिनिटं चालणं यावर असाल. म्हणून नाही म्हणायचं ते नोव्हेंबरातच, डॉक्टरांसमोर. शर्यतीच्या आठवड्यात बिब (छातीवर लावायचा नंबर) हातात आल्यावर निर्णय घ्यायला बसू नये.

मदत कधी घ्यायची

मनाई असूनही दोनदा चोरून धावलात, वर्षभरात दुसरं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, उलट्या काढणं किंवा रेचकं घेणं सुरू झालं, किंवा तीन आठवड्यांनंतरही झोप, भूक आणि कामातलं लक्ष परत आलं नाही, तर वहीवर भागवू नका. जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर त्याच दिवशी बोला. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

सक्तीचा व्यायाम डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत स्वतंत्र आजार म्हणून नाही. त्यामुळे "मी फार व्यायाम करतो" म्हटलं तर काही ठिकाणी कौतुकच होतं. सरळ वाक्य वापरा: "पाय मोडलेला असूनही मला धावणं थांबवता येत नाही." सोबत तलफेची वही, मर्यादांचा कागद, तीन दिवसांत काय काय खाल्लं त्याची यादी आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेलीसुद्धा.